मापाचं पाणी

दिवसाला सातशे मिली.
डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, खाली दोन रेघा ओढल्या.
चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट,
सगळं त्यातच धरायचं.
आणि गाव सोलापूर,
एप्रिल महिना,
नळाला पाचव्या दिवशी पाणी.

बर्नादेत हसली. म्हणाली, आई,
आता आख्खं गावच माझ्यासारखं.

सतराची आहे.
पेनानं खुणा केलेली बाटली फ्रीजवर ठेवते,
संध्याकाळपर्यंत रेघ रेघ उतरत येते खाली.
शेवटचा घोट राखते
रोझरीच्या पाचव्या रहस्यानंतरचा.
मी वहीत मांडते.

मंगळवारी, शुक्रवारी डायलिसिस.
चार तास रक्त नळीतून जातं, धुऊन परत येतं.
मशीनवरचा गुंडेटी म्हणतो,
आमच्या बापाच्या मागावर धोटा असाच जायचा पोरी,
असाच माघारी यायचा.
तिच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे,
बोट ठेवलं की घरघर लागते,
कान लावला तर
अक्कलकोट रोडच्या शेडात शिरल्यासारखं.
तो हात हलवायचा नाही.
एका हातानं मणी सरकवते आणि चुकते,
कधी नऊ, कधी अकरा.
मरियामाय मोजत बसत नसेल, म्हणते.

एकदा विचारलं मी
(विचारायला नको होतं)
एवढं काय मागतेस गं?
मागत नाही. बसते त्याच्याजवळ.
तूही बसतेस की माझ्याजवळ चार तास,
तू काय मागतेस?

काय सांगणार.
माझी किडनी जुळली नाही,
तो रिपोर्ट अजून शिलाई मशीनच्या खणात आहे,
बॉबिनच्या डबीखाली.
मी मागते. टाक्याटाक्याला मागते.
दिवसाला दीडशे टॉवेल, दोन्ही कडा,
डझनावर पैसे,
आणि दोरा बदलताना वर बघून भांडते.
तिच्यादेखत नाही.

पवित्र गुरुवारी फादर लुकसनी बारा खुर्च्या मांडल्या.
बाराव्या खुर्चीवर बर्नादेत.
पाय सुजलेले, चपलेच्या पट्ट्यांचे वळ तसेच.
फादर गुडघ्यावर बसले,
तांब्यातून धार धरली.
मी पाण्याकडे बघत होते.
तीही.
केवढं पाणी परातीत!
मग त्यांनी कमरेचा टॉवेल सोडला
आणि मला कड दिसली.
माझ्या हातची.
निळा दोरा संपला म्हणून
शेवटच्या वितीला काळा घातला होता,
शेठनं परत पाठवलेला नग,
मीच चर्चला दिला होता पुसायला-बिसायला.
त्यानं तिच्या बोटांमधलं पाणी टिपलं,
एकेक बोट.

बाहेर आल्यावर म्हणाली,
बाई गं, सातशेच्या वर गेलं आज.
पायांचं धरत नाहीत ना वहीत?

दुसरा दिवस शुक्रवार.
सगळे क्रूसाच्या वाटेवर, आम्ही मशीनवर.
तीन वाजता पंखा गरम हवा ढकलत होता.
डोळे मिटून ती म्हणाली,
मला तहान लागलीय.
मी बाटली बघितली. खालच्या रेघेच्याही खाली.
हे ती स्वतःचं बोलली
की त्या दिवसाचं वाचन म्हणत होती
ते मला कळलं नाही, विचारलंही नाही.
गुंडेटी चहावाल्याकडून बर्फाचा खडा घेऊन आला,
गॉजमध्ये धरून तिच्या ओठांवरनं फिरवला.
याचे वीस धरा मावशी, म्हणाला.
मी लिहिले नाहीत.

त्या रात्री नळ आला, दोनला.
बादल्या, हंडे, कुकरसुद्धा भरला.
तिला आवाज जाऊ नये म्हणून
धारेखाली टॉवेल धरून उभी होते,
पाणी गुपचूप उतरत होतं
हातावरनं, कोपरावरनं.

आतून म्हणाली,
आई, काढ तो टॉवेल.
येऊ दे की आवाज.